काचेमागचा ढग

लिंझीने सेड्रिकचा डावा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि घट्ट मोजा टाचेवरून वर खेचला.

"पाय सैल सोडा, राजे. कापून नेत नाहीये."

सेड्रिक ग्रीनवुडने पाय सैल सोडला. सुजेवरचे हे मोजे एकट्याने चढत नाहीत, म्हणून बायको गेल्यापासून सेवासंस्थेची लिंझी रोज सकाळी येई. पंधरा मिनिटं थांबे आणि पुढच्या गावातल्या म्हातारीकडे पळे. मधल्या रस्त्याचा वेळ संस्था पगारात धरत नसे. तिच्या कोटाला ई-सिगारेटचा कलिंगडासारखा वास असायचा. ती गेली की घरात दुसऱ्या सकाळपर्यंत माणसाचा आवाज नसे.

उजवा पाय घेताना तिने विचारलं, तुम्ही एवढी वर्षं बसवर तपासनीस होतात, तर सांगा, गाडी चालवताना ई-सिगारेट ओढणं गुन्हा आहे का?

"ओढणं गुन्हा नाही," तो म्हणाला. "पण धुराने समोरचं दिसेनासं झालं, तर निष्काळजीपणाचा गुन्हा लागतो."

"मी सिग्नलला उभी होते हो. तेवढीच काय ती उसंत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कुणीतरी आपल्या गाडीतल्या कॅमेऱ्याची चित्रफीत पोलिसांना पाठवली होती. तरणतलावाजवळचा सिग्नल, मागच्या मंगळवारी. वेगमर्यादा मोडल्याबद्दल दंडाचे नऊ गुण तिच्या परवान्यावर आधीच चढलेले. आणखी तीन चढले की परवाना जाणार, आणि गाडीशिवाय हे काम होत नाही.

सेड्रिकने खुर्चीचा हात धरला. ती छोटी लाल गाडी त्याला आठवली. काच आतून दुधासारखी पांढरी झालेली. सिग्नल सुटला आणि ढग विरायच्या आत गाडीही सुटली. बाबागाडी घेतलेली एक बाई जेमतेम मागे सरकली. चालक दिसलाच नव्हता. लिंझीची गाडी त्याने कधी पाहिली नव्हती. गल्ली पायऱ्यांची, त्यामुळे ती गाडी खाली चर्चपाशी लावून चढून येई.

त्याच संध्याकाळी त्याने आपल्या गाडीतल्या कॅमेऱ्याची ती फीत पोलिसांना पाठवली होती. अशा तो नेहमी पाठवायचा. दरवेळी पोलिसांचं यंत्र उत्तर पाठवी: प्रिय मिस्टर ग्रीनवुड, आपले आभार. एरवी त्याला नावाने कुणी लिहीत नसे.

"असला कोण असेल हो?" मोज्याची सुरकुती काढत लिंझी म्हणाली. "घरी बोलायला कुणी नसेल बिचाऱ्याला."

"नसेल," सेड्रिक म्हणाला.

ती गेल्यावर त्याने पोलिसांना फोन लावला आणि साक्ष मागे घ्यायची आहे, असं सांगितलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, पाहिलं ते खोटं होतं का? तो म्हणाला की नाही, खरंच होतं. तर मग फीत आमच्याकडे राहील, ती म्हणाली, पुढचं साहेब ठरवतील.

संध्याकाळी तो काठी टेकत गल्लीच्या वरच्या टोकाला लावलेल्या आपल्या गाडीपर्यंत गेला आणि कॅमेरा काढून घरी घेऊन आला.

सकाळी लिंझी आली तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि खिडकीशी खुर्ची मांडलेली. या घरात त्याने सख्ख्या मेव्हण्यालाही कधी सिगारेट पेटवू दिली नव्हती.

"हे काय, राजे? गारठून मराल."

"ओढायचं ते इथे बसून ओढ, पोरी. मग गाडी चालव."

"आणि संस्थेला काय सांगू? राजांनी दरबार भरवला होता?"

पण हसत ती खुर्चीच्या कडेला टेकली, खिशातून ई-सिगारेटची नळी काढली आणि ओठांशी नेली. तेव्हा तिला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला, गाडीत लावायचा कॅमेरा दिसला. त्याची वायर नीट गुंडाळलेली होती.

तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग सेड्रिककडे. तो आपल्या पायांकडे बघत होता.

नळी न ओढताच तिने खिशात ठेवली. उठून खिडकी लावली. त्याच्यासमोर बसून पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही मोजे चढवले, सावकाश, एकही सुरकुती न ठेवता. मग कोटाची बटणं लावली.

"उद्या येते, मिस्टर ग्रीनवुड."

पायऱ्यांवरून तिची पावलं खाली गेली. चर्चपाशी गाडीचं दार वाजलं. सेड्रिक कान देऊन बसला. इंजिन मात्र बराच वेळ सुरू झालं नाही.