जावयाचं कमिशन

रविवारी जेवणं आटोपल्यावर सुजयने बॅगेतून फॉर्म काढला आणि सासूबाईंपुढे ठेवला. कराडच्या सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त होऊन विमल खराडे यांना महिना झाला होता. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम नुकतीच खात्यावर आली होती.

"आई, नुसती सही करा. म्युच्युअल फंडाचं बाकी मी बघतो."

एजंटाच्या रकान्यात त्याचा नंबर आधीच छापलेला होता.

सात वर्षांपूर्वी लग्नाच्या बैठकीत विहीणबाई म्हणाल्या होत्या, "हुंडा-बिंडा नको हो आम्हाला. तुमच्या माणसांनी गुंतवणूक तेवढी आमच्या सुजयच्या हातून करावी." भावकीत त्या घराचं केवढं कौतुक झालं! तेव्हापासून विमलताईंच्या आणि त्यांच्या भावाच्या पैशांतून दरवर्षी सुजयला कमिशन जात होतं. सहामाही विवरणात तो आकडा छापून येई. पण प्रत्येकाच्या फॉर्मवर ईमेल सुजयने स्वतःचाच घातला होता, त्यामुळे ते विवरण त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नाही.

"यावेळी मी डायरेक्ट भरणार," विमलताई म्हणाल्या. "मधे एजंट नसला की खर्च कमी. दवाखान्यातल्या क्लार्कनं समजावलं मला."

सुजय हसला. "भरा की! पैसा तुमचा. मग केतकीलाही राहू दे इथंच. निवांत."

कप उचलणाऱ्या त्याच्या बायकोचे, केतकीचे, हात थांबले.

जाईना का कमिशन, पोर तरी सुखात राहील, विमलताईंना वाटलं. त्यांनी पेन उचललं.

"आई, नको," केतकी म्हणाली. "मार्चमध्ये मी आजारी आहे म्हणून यांनी इथं आणून सोडलं होतं ना? धडधाकट होते मी. मामानं यांच्याकडे पैसे घातले, मग परत नेलं."

"तोंड आवर," सुजय म्हणाला. आवाज मुळीच चढला नव्हता.

विमलताईंनी कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "न्या हा. माझा फॉर्म मी भरीन."

सुजयची गाडी गेली. केतकी घरातच राहिली. संध्याकाळी विमलताईंनी भावाला फोन लावून सगळं सांगितलं.

"अक्का, दमानं घे," तो म्हणाला. "पोरीचं घर मोडेल अशानं."

"अरे, नको म्हटलेला हुंडाच सात वर्षं आपण हप्त्याहप्त्यानं भरतोय. मी थांबले. तू थांबतोस का, तेवढं सांग."

फोन चालू ठेवूनच त्यांनी आपला फॉर्म पुढे ओढला आणि एजंटाच्या रकान्यावर रेघ मारली.