बाळाच्या वाटीची चांदी

माणूस रिटायर झाला की त्याच्या डोक्यात काय भूत शिरेल, सांगता येत नाही. कॉव्हेंट्रीतल्या बाकीच्या मराठी मंडळींनी बागकाम, क्रूझ, नाहीतर गणपतीच्या कमिटीतली भांडणं यांत मन रमवलं. यशोधन दात्यांना मात्र दोन बादल्या दगड मिळाले.

त्यांच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ खाणींवरचे इंजिनिअर होते, निम्मा जन्म बोलिव्हियात काढलेले. ते गेले, मुलीने घर विकायला काढलं, आणि गॅरेजमधल्या त्या जड, करड्या, चकाकणाऱ्या दगडांचं काय करायचं तिला कळेना. यात चांदी आहे असं डॅड म्हणायचे, हवेत का तुम्हाला, असं तिने नुसतं विचारायचा अवकाश! यशोधनरावांनी बादल्या उचलून आपल्या गॅरेजमध्ये आणल्यासुद्धा.

तेव्हा त्यांची मुलगी देविका आणि जावई कुशल रीडिंगला राहायचे, आणि देविका दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. पहिली ईशिता चार वर्षांची. यशोधनरावांनी जाहीर केलं, "या बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी आजोबा स्वतः गाळून घेतलेल्या चांदीची देणार."

"अहो, बर्मिंगहॅमला सोहो रोडवरच्या देशी दुकानांत हव्या तितक्या वाट्या मिळतात," अलकाताई म्हणाल्या. "पसंत करा, घ्या, घरी या."

"त्या दुकानातल्या. ही आपल्या हातची."

आता या हौसेपुढे कोण काय बोलणार? मोठ्या रिफायनऱ्यांनी त्यांना फोनवरच वाटेला लावलं. मोडीचे दागिने आणा, जुने काटेचमचे आणा, लगेच घेऊ, पण दगड? दगड आम्ही खाणीकडून घेतो, ट्रकने. एकाने तर कुठून खणलेत म्हणून उलटतपासणीच घेतली, कारण या देशातल्या जमिनीखालची चांदी राजाची. यशोधनराव घाबरून 'बोलिव्हिया, बोलिव्हिया' करत बसले. शेवटी बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमधल्या एका लहानशा कारखान्यातल्या बाईंनी हो म्हटलं. फक्त दगड तसेच आणू नका, म्हणाल्या, पिठासारखी पूड करून आणा. आम्ही ती वितळवून शिसं काढून टाकतो, मागे राहील ती चांदी तुमची.

शिसं विषारी, हे यशोधनरावांना काय कोणी सांगायला हवं होतं? जन्मभर कार कंपनीत सेफ्टीची लेक्चरं झोडलेला माणूस. चांदी चिमूटभर आणि बाकी बहुतेक शिसंच, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. मास्क आणला, हातमोजे आणले, ओव्हरऑल वेगळा धुतला. काम संपेपर्यंत अलकाताईंना गॅरेजबंदी. सगळं कसं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं!

पण हातोडी मारली की दगडाचे कपचे उडायचे, पूड होईना. मग त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे पिशवीत गुंडाळलेला अलकाताईंचा लोखंडी खलबत्ता होता. मिरजेच्या आईने लग्नात दिलेला, विमानात मांडीवर घेऊन आणलेला, आणि मिक्सर आल्यापासून कोणी हात न लावलेला. त्यात पूड झकास होत होती. यशोधनरावांनी महिनाभर मन लावून कुटलं.

काम झाल्यावर त्यांनी पूड बर्मिंगहॅमच्या बाईंना नेऊन दिली, खलबत्ता पाइपाच्या पाण्याने धुतला, पुसला, त्याच पिशवीत गुंडाळून त्याच फळीवर ठेवला. गॅरेज झाडून-पुसून खुलं केलं. खलबत्ता टाकून द्यायला हवा हे त्यांना पक्कं कळत होतं हो. पण आईची वस्तू टाकली म्हटल्यावर अलकाताईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. बघू नंतर, म्हणाले. या 'बघू नंतर'ला काय म्हणावं तुम्हीच सांगा! तेवढ्यात देविका बाळंत झाली, मुलगा झाला, आणि त्या धांदलीत ते विसरूनही गेले.

बाळ महिन्याचं झालं आणि बर्मिंगहॅमहून फोन आला. यशोधनराव गेले, सुपारीएवढी चांदीची गोळी कागदात बांधून घेतली, आणि गाडीत शीळ घालत घरी परतले. वाटी नाही तर नाही, चमचा तरी नक्की होणार होता.

"अलका, बघ बघ, काय आणलंय!" ते स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडले.

अलकाताई ओट्यापाशी उभ्या होत्या. एका परातीत तळलेला डिंक, दुसऱ्या परातीत किसून भाजलेलं खोबरं, आणि समोर खलबत्ता. बत्ता वर गेला, खाली आला. आत खारीक होती.

यशोधनरावांनी हातातली पुडी तशीच ओट्यावर ठेवली.

"हा... हा कुठून काढलास?"

"कुठून म्हणजे? फळीवरून. खारकेनं मिक्सरचं पातं मोडलं माझं. तेव्हा म्हटलं, आईचा खलबत्ता आहे की! चांगला साबणाने घासून घेतलाय, काळजी करू नका."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"अहो, पहिले लाडू केले तेव्हा. कुशल नाही का येऊन डबा घेऊन गेला? हे दुसरे. बाळंतिणीला डिंकाचा लाडू..." त्या बोलता बोलता थांबल्या. "असे काय बघताय? बसा बरं आधी."

यशोधनराव बसले नाहीत. त्यांनी खलबत्ता उचलून खिडकीपाशी नेला. तळाशी लोखंडाला बारीक बारीक खड्डे होते आणि त्या खड्ड्यांत करडी चमक होती. साबणाने काय निघणार ती!

"अलका, मी यात ते दगड कुटलेत."

अलकाताईंना क्षणभर काही समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी हातातली खारीक अशी फेकली की जणू तिने चावाच घेतला. "विष आहे, आत पाऊल टाकू नकोस म्हणालात मला! आणि माझ्याच खलबत्त्यात? एका शब्दाने सांगायचंत हो! एका शब्दाने!" त्यांचा आवाज चिरकला. "पोरगी अंगावर पाजतेय तिकडे. बाळाच्या पोटात..."

फोन यशोधनरावांनीच लावला, स्पीकरवर. नंबर दोनदा चुकला.

"देविका, ते लाडू खाऊ नकोस. डिंकाचे. किती खाल्लेस तू?"

पलीकडे ओशाळं हसू. "बाबा, आई आहे का तिथे? आई, प्लीज डोंट बी अपसेट. मला नाही आवडत गं ते. ईशिताच्या वेळीपण नव्हते आवडले. तुला वाईट वाटेल म्हणून छान झालेत म्हटलं. आय स्वेअर, मी एकही नाही खाल्ला."

अलकाताई मटकन खाली बसल्या आणि लाडूच्या तुपाने माखलेले हात तोंडावर घेऊन रडायला लागल्या. देवा, पोरगी खोटं बोलली ते किती बरं झालं! यशोधनरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी ओट्याला टेकून मोठा श्वास घेतला.

"शाब्बास," ते म्हणाले. "अगदी शाब्बास. फेकून दिलेस ना सगळे?"

"फेकीन कशी? आईने एवढे केलेले. ईशिताने संपवले ना! नर्सरीतून आली की एक, झोपताना एक. तिला भयंकर आवडतात. डबा रिकामा झालाय, ती रोज विचारते आजी कधी पाठवणार. का? काय झालं? बाबा? हॅलो?"

अलकाताईंचं रडणं एकदम थांबलं. फोनमधून देविका हाका मारत होती, आणि ते वाक्य कोणीतरी बोलायला हवं होतं. यशोधनरावांनी दोनदा तोंड उघडलं, तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून ते बाहेर पडलं. त्यानंतर देविका जी किंचाळली, ती किंचाळी अलकाताईंच्या कानातून अजून गेलेली नाही.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलने ईशिताचं रक्त घेतलं. काही दिवसांनी रिपोर्ट आला. शिशाचं प्रमाण जास्त होतं, बरंच जास्त. औषध लागेल का, ते पुन्हा रक्त तपासून ठरवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेंदू वाढायच्या वयात शिसं गेलंय, त्याचा परिणाम होईल की नाही, झाला तर किती, हे आज कोणीच सांगू शकणार नाही, असंही म्हणाल्या. कुशलने सगळं निमूट ऐकून घेतलं. देविका बापाशी बोलतच नव्हती.

दुसऱ्या वेळी रक्त द्यायला यशोधनरावही गेले. नको म्हणाली होती देविका, तरी गेले, आणि खोलीत भिंतीला टेकून उभे राहिले. पोरीच्या पहिल्या हातावर अजून काळंनिळं होतं. नर्सने दुसरा हात पुढे घेतला तशी ईशिता कुशलच्या मांडीवर आक्रसली, पण रडली नाही. तिने मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

"आजोबा, मी मम्माचा लाडू खाल्ली. सगळी. आय अ‍ॅम सॉरी." तिने हात मागे ओढला. "आता परत नाही खाणार. मग सुई नाही ना?"

देविकाने तोंड फिरवलं. यशोधनराव पुढे आले आणि गुडघ्यांवर बसले. हे सगळं घडल्यापासून ते कोणालाच सॉरी म्हणाले नव्हते. आधी बोलणंच झालं नव्हतं, आणि मग धीर झाला नव्हता.

"नाही गं राणी. तू काही केलं नाहीस. लाडू खाल्लास म्हणून नाही ही सुई. चूक आजोबांची आहे. सगळी माझी चूक आहे."

ईशिताने थोडा विचार केला. नर्सने तिच्या दंडावर पट्टा आवळला.

"मग तुला सुई का नाही?" तिने विचारलं.