थांबलं का?

निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरने बस सोडली आणि गॅरेज धरलं, असं त्याची बायको म्हणायची. त्याच्या वयाचे लोक बागेत रमतात, नातवंडं सांभाळतात. याने जुनी वॉशिंग मशिनं गोळा केली. कुणी मशीन भंगारात काढतंय असं कळायचा अवकाश, हा दारात हजर. आधी एक आलं, मग त्याला सोबत म्हणून दुसरं, मग गरम हवेचा एक अवाढव्य ड्रायर, आणि बघता बघता गॅरेजमध्ये वळायलाही जागा उरली नाही. शेजारी त्याला ‘ड्रमवाले’ म्हणू लागले. त्याला ती पदवीच वाटायची.

हे वेड आईमुळे लागलं. आई एका वसतिगृहाच्या चादरी हाताने धुवायची. पुढे वसतिगृहाने मशीन घेतलं. शेजारी शेजारी दोन टब, एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळून काढायचं. पहिल्या दिवशी आईने स्टूल ओढलं आणि मशीनसमोर नुसती बसून राहिली. दिवसाउजेडी आईला बसलेली त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तसलंच मशीन उतारवयात हाती लागलं, तेव्हा ते घरात येईपर्यंत तो कुणाशी धड बोललासुद्धा नाही.

या मशीनमध्ये एक खोट होती. पिळण्याच्या टबाचं झाकण उचललं की आतला ड्रम लगेच थांबायला हवा, पण त्याचा ब्रेक झिजला होता. तसा ब्रेक आता मिळत नव्हता आणि दुसरं काहीतरी ठोकून बसवायला त्याचं मन घेत नव्हतं. तो कानावर काम भागवायचा. आवाज हळूहळू उतरायचा, शेवटी ड्रम दोनदा खडखडायचा, की मग हात घालायचा. कपडे उसळू नयेत म्हणून त्यांच्यावर बसवलेली थाळी इतकी सफाईने फिरायची की मंद दिव्यात ती उभीच आहे असं वाटायचं. म्हणून डोळ्यांवर जाऊ नकोस, मला विचार, असं त्याने बायकोला बजावलं होतं.

आणि नेमके कानच त्याला सोडून चालले होते. आधी दाराची घंटा गेली, मग फोन, मग बायकोचं पाठमोरं बोलणं. कुणाला सांगायची सोय नव्हती. दर रविवारी त्याच्यासारखेच चार मशीनवेडे गॅरेजमध्ये जमायचे, डोळे मिटून नुसत्या आवाजावरून मशीन ओळखायचे, आणि त्यात याचा हात कुणी धरायचा नाही. तो गुपचूप मशीनला तळवा टेकवायचा आणि थरथरीवरून निभावून न्यायचा. माणसांना मात्र तळवा टेकवता येत नाही. तिथे त्याने ‘हो, हो’ म्हणायची सवय लावून घेतली. त्या ‘हो’वर शेजारी त्याची शिडी कायमची घेऊन गेला. एकदा लेकीने फोनवर विचारलं, बाबा माझ्यावर रागावलात का, तर हा हसत हसत हो म्हणाला. ती आठवडाभर बोलली नाही.

त्या रविवारी मंडळी यायची होती. चादरी धुऊन पिळायला टाकल्या होत्या आणि तो मोठ्या ड्रायरपाशी वाकून त्याची जाळी साफ करत होता. बायको मदतीला आली होती. ती पडदे शिवून देण्याचं काम करायची. हातातलं काम बाजूला ठेवूनच ती आली होती. तिने टबाचं झाकण उचललं आणि त्याला काहीतरी विचारलं. त्याला तिचे ओठ हललेले दिसले.

“हो, हो,” तो म्हणाला.

तिने थाळी काढायला हात घातला. चादरीचं टोक तिच्या मनगटाभोवती फिरलं आणि ड्रमने हात ओढून घेतला. तिची किंकाळी मात्र त्याला ऐकू आली.

हात दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ब्रेक निकामी होता. लेक धावत आली, तिलाही त्याने तेच सांगितलं. तिने सगळं भंगार बाहेर काढा म्हणून घर डोक्यावर घेतलं. रविवारच्या मंडळींपैकी एक घड्याळजी होता. बिचाऱ्याने कुठून कुठून तुकडे जमवून नवा ब्रेक बनवला, स्वतः येऊन बसवून दिला आणि म्हणाला, आता काळजी मिटली. झाकण उचललं की ड्रम जागच्या जागी थांबायचा. ड्रायव्हर सारखं झाकण उचलून पाहत राहिला. 

दुसऱ्या दिवशी तो बायकोसमोर जाऊन बसला. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ती खिडकीपाशी होती.

“ब्रेकमुळे नाही झालं,” तो म्हणाला. “तू काय विचारलंस ते मला ऐकूच आलं नव्हतं.”

“ठाऊक आहे.”

त्याने मान वर केली.

“तुम्हाला ऐकू येत नाही हे मला कधीचं ठाऊक आहे,” ती म्हणाली. त्याला ओठ नीट दिसतील अशा बेताने ती सावकाश बोलत होती. “बाकी कशालाही तुम्ही हो म्हणता, मी ते धरत नाही. पण मी विचारलं होतं, थांबलं का? मला वाटलं, मशीनच्या बाबतीत तरी तुम्ही खोटं बोलणार नाही.”



त्याने कानाला यंत्र लावून घेतलं. लेकीला, मंडळींना, सगळ्यांना खरं सांगितलं. घड्याळजी दुसरंच काही बोलू लागला. मशिनं एकेक करून मंडळींनी नेली. आईच्या मशीनसारखं ते मशीनही गेलं. ते न्यायला आलेल्याने टेम्पोत चढवण्याआधी एकदा चालवून दाखवा म्हटलं. कानातल्या यंत्रातून तो आवाज पत्र्यासारखा कर्कश आला. पूर्वी तो असाच होता की नाही, हे त्याला काही केल्या आठवेना.

प्लास्टर निघालं, पण तिची बोटं पूर्ण मिटेनात. कात्री धरवत नव्हती. गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली तेव्हा तो म्हणाला, मी कापतो, तू सांग. तिने थोडा विचार केला आणि कात्री त्याच्याकडे सरकवली. आता ती डाव्या हाताने खडूची रेघ ओढते, तो रेघेवरून कापड कापतो. हात बसचा आहे, सरळ जातो. चूक अशी अजून झालेली नाही. तरी कापलेला प्रत्येक तुकडा ती टेप लावून पुन्हा मोजते, आणि तिचं मोजून होईपर्यंत तो कात्री खाली ठेवून उभा राहतो.