क्षुल्लक कारणावरून

कात्रीच्या टेबलावर ताईने पेपर आपटला, तेव्हा सगळा बातमी विभाग माना वर करून बघायला लागला. बघेनात का! तिचं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?"

कात्री म्हणजे मुख्य उपसंपादक. दुसऱ्यांचा मजकूर कापण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा हेच त्याला शोभायचं. ताई वरच्या मजल्यावर रविवारच्या पुरवणीत संसाराचे सल्ले देणारं सदर लिहायची. एरवी दोघं एकमेकांच्या वाटेला जात नसत.

त्याने चष्मा चढवून वाचलं. 'फोन न उचलल्याच्या क्षुल्लक कारणावरून पत्नीस मारहाण.'

"मीच. का?"

"ती माझी धाकटी बहीण आहे. जबडा तारेने बांधलाय तिचा. आणि तुम्ही म्हणता क्षुल्लक!"

"कारणाला म्हटलंय, जबड्याला नाही. मग काय, मोठं कारण म्हणू? म्हणजे मारलं ते बरंच केलं, असं?"

"कारण लिहायचंच कशाला? नवऱ्याने जबडा मोडला, एवढं पुरे नाही?"

"अहो, पोलिसांनी कारण सांगितलं की आम्ही त्याच्या आधी 'क्षुल्लक' लावतो. गाडी लावण्यावरून, नळावरून, कशावरूनही. सवयीने हात जातो. ओळही भरते."

"ओळ भरायला माझीच बहीण सापडली? संध्याकाळी तिचे सासू-सासरे तिला न्यायला येतायत. सकाळीच बाबांना फोन आला, पेपरवालेसुद्धा क्षुल्लक म्हणतात, तुम्ही कशाला ताणता. बाबा ढिले पडलेत. उद्या दुरुस्ती छापा."

कात्रीने काहीतरी टाइप केलं आणि पडदा तिच्याकडे फिरवला. "हा शब्द आपल्याकडे सगळ्यात जास्त कोण वापरतं, बघा. मला वाटलं होतं मीच."

'क्षुल्लक कारणांवरून संसार मोडू नका.' 'क्षुल्लक कुरबुरी कुठे नसतात?' 'क्षुल्लक गोष्टी मनाला लावून घेऊ नका.' पडदाभर ताईचा हसरा फोटो.

"आधी वर दुरुस्ती छापा," कात्री म्हणाला, "मग खाली या." मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"तोंड सांभाळून बोला!" म्हणत ताई निघाली. तिच्या क्षुल्लक कुरबुरी म्हणजे पलंगावरचा ओला टॉवेल आणि टीव्हीचा रिमोट. मारझोडीला तिने जन्मात क्षुल्लक म्हटलं नव्हतं. जिना चढताना तिने स्वतःला हे पुन्हा पुन्हा बजावलं, तरी राग काही उतरेना.

संध्याकाळी माहेरी पोचली तर धाकटीचे सासरे बाबांच्या खुर्चीत ऐसपैस बसलेले, मांडीवर घडी केलेला पेपर. शेजारी सासूबाई. बाबा स्टुलावर. धाकटी दाराशी उभी, गाल निळाकाळा.

"भांड्याला भांडं लागणारच," सासरे म्हणाले.

"लागलेलं नाही, फोडलंय," ताई म्हणाली. "आणि तुमचा मुलगा कुठे लपलाय?"

"अगं, जरा सबुरीने," बाबा पुटपुटले. "तूच तर लिहितेस, लगेच टोकाला जाऊ नये म्हणून."

"लिहितातच!" सासूबाईंचा चेहरा उजळला. "मी दर रविवारी सुनेला बसवून मोठ्याने वाचून दाखवते. म्हटलं, बाहेरच्या कुणाचं नको ऐकूस, सख्ख्या बहिणीचं तरी ऐक."

ताई धाकटीकडे वळली. "तू मला एकदा तरी सांगायचंस गं!"

धाकटीचे दात मिटलेलेच राहिले. शब्द त्यांच्या फटीतून, ओढून काढल्यासारखे आले. "सांगितलं होतं. पहिल्यांदा त्याने ढकललं, तेव्हा फोन केला होता. तू घाईत होतीस. म्हणालीस, या रविवारचं वाच, त्यातच उत्तर आहे."

ताईला फोन आठवेना. आठवेना, हेच जास्त लागलं.

धाकटी सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. "मी येणार नाही."

"पण लोक काय म्हण—" सासऱ्यांनी सुरुवात केली.

"नाही येणार."

सासरे बाबांकडे बघायला लागले, बाबा जमिनीकडे. ताई पुढे झाली आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ऐकलंत ना? माझी बहीण—"

धाकटीने तो हात बाजूला केला.

"तू नको बोलूस," ती म्हणाली.