पट्टीला राग येतो

पुस्तकांच्या कडा एका रेषेत आल्याशिवाय ही मुलगी झोपायला जात नाही, हे मामाच्या ध्यानात आलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्यानेच तिचं नाव ‘पट्टी’ ठेवलं. सगळे हसले, आई तर अगदी कौतुकाने हसली. आता पट्टी सोळा वर्षांची झाली होती, आणि ते हसणं आठवलं की आईला ओशाळल्यासारखं व्हायचं.

आई औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. दिवसभर कुणाची कंबर, कुणाचं पित्त, कुणाची झोप, नुसत्या तक्रारी कानावर. घरी मात्र त्या प्रकाराचं नावच नाही. पट्टीने कधी हट्ट केला नाही, कधी आदळआपट केली नाही. तापाने फणफणली तरी म्हणायची, “काही नाही गं, बरी आहे मी.” शेजारणी म्हणायच्या, “नशीब काढलंस हो!” आणि आई मिरवायची. का मिरवू नये? कुठल्या आईने मिरवलं नसतं?

मग सहामाहीला या गुणी मुलीने गणिताचा पेपर कोरा दिला. येत नव्हतं म्हणून नव्हे. पहिलं उदाहरण तीन रीतींनी सुटत होतं आणि त्यांतली सगळ्यांत चांगली कोणती, हे वेळ संपेपर्यंत ठरलं नाही. शाळेने दोघींना बोलावून घेतलं तेव्हा पट्टी हसतमुखाने म्हणाली, “सॉरी, पुन्हा असं होणार नाही.” ते हसू बघून आईने त्याच आठवड्यात तिला थेरपिस्टकडे नेलं.

थेरपिस्ट बाई आईपेक्षा लहान होत्या आणि त्यांचे केस कायम विस्कटलेले. त्यांनी पट्टीला सांगितलं, आठवडाभरात एक चूक करायची आणि ती दुरुस्त करायची नाही. पट्टीने कुणाला त्रास होणार नाही अशी चूक शोधून काढली, आदल्या दिवशी तिचा सराव केला आणि ती ठरल्याप्रमाणे पार पाडली. बाईंनी कपाळाला हात लावला. पुढे एकदा त्या आईला म्हणाल्या, “हिला अभ्यासाचं दुखणं नाही हो. एकटेपणाचं आहे. आत काय चाललंय ते ही चेहऱ्यावर येऊच देत नाही. मग माणसं जवळ येणार कशी?”

माणसं म्हणजे मुख्यतः ‘वेंधळी’. बालवाडीपासूनची मैत्रीण. डबा विसरणारी, मोठ्याने रडणारी आणि त्याहून मोठ्याने हसणारी. कोऱ्या पेपराची बातमी तिला तिसरीकडूनच कळली आणि तिने पट्टीशी बोलणं टाकलं. पट्टी माफी मागायला गेली, पण ती माफी इतकी नीटनेटकी होती, की वेंधळी म्हणाली, “हे भाषण झालं,” आणि तिने दार लावून घेतलं. तेव्हापासून मधल्या सुट्टीत वेंधळी वर्गातल्या दुसऱ्या दोघींत बसायची आणि पट्टी एकटीच डबा खात होती. आईला याचा पत्ताही नव्हता. पट्टीची परवानगी घेऊन बाईंनी सांगितलं, तेव्हा कुठे कळलं.

पट्टीला विचारूनच बाईंनी वेंधळीलाही बोलावलं. “एकदाच येईन,” असं बजावून ती आली. दोघी आत गेल्या. दार लावण्याआधी बाई आईला म्हणाल्या, “काहीही ऐकू आलं तरी आत यायचं नाही.”

“मग मी काय करू?”

“बसा.”

आई बाकावर बसली. दार पातळ होतं. पट्टीचा तो ठरवून बोलतानाचा आवाज आला, “मी तुझ्या भावनांचा विचार करायला हवा होता...”

“झालं हिचं सुरू! मी निघते,” वेंधळी म्हणाली. खुर्ची सरकली. गेली हातची मैत्रीण, आईला वाटलं.

आणि मग एक आवाज आला, जो आईने त्या घशातून कधीच ऐकला नव्हता.

“जा! जा ना! डबा खाताना त्या दोघींत बसतेस आणि मुद्दाम मोठ्याने हसतेस! मला ऐकू यावं म्हणून हसतेस! मी काय दगड आहे?”

पाठोपाठ रडणं. बेसूर, घसा फाडून. आई कधी उठली, पर्समधून रुमाल कधी निघाला, तिचं तिलाच कळलं नाही. हात दाराच्या मुठीवर होता. पोर शेवटची अशी रडली कधी? चार वर्षांची असताना, गुडघा फुटला तेव्हा. आणि आईच म्हणाली होती, शहाणी मुलं रडत नाहीत. पोरीने ऐकलं. बाकी सगळं ऐकते, तसंच तेही ऐकलं. आईने मूठ सोडली आणि ती परत बाकावर येऊन बसली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने दुसरं केलं नव्हतं.

“अगं, तुला राग येतो?” वेंधळीचा आवाज.

“येतो!”

“माझा?”

“तुझाच!”

“मग बोलायचं ना, गाढवे! मला वाटलं, मी असले काय, नसले काय, तुला सारखंच!” आता वेंधळीनेही सूर लावला, आणि या कामात तिचा हात कोण धरणार!

बऱ्याच वेळाने दार उघडलं. वेंधळीने पट्टीचा दंड घट्ट धरून ठेवला होता. पट्टीचं नाक लाल, डोळे सुजलेले, केस गालाला चिकटलेले. इतकी गोड ती आईला कधीच दिसली नव्हती. पट्टीने आईकडे पाहिलं. नेहमीचं ते हसू काही आलं नाही.

“आई, मला तुझाही राग आलाय. खूप दिवसांचा.”

आईला ते लागलं. दुसऱ्याच क्षणी तिला इतकं बरं वाटलं, की तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

“घरी गेल्यावर बोलते,” पट्टी चेहरा आवरत म्हणाली. “इथे नको, सगळे आहेत.”

“असू देत सगळे,” आई म्हणाली आणि बाकावर सरकली. “आत्ताच बोल. मी ऐकतेय.”

पट्टी शेजारी टेकली, बाहीने नाक पुसलं आणि कुठून सुरू करायचं ते न ठरवताच आईवर तुटून पडली.