वास नसलेली जागा

डॉक्टर इरमबाईंनी दापोलीहून औषध पाठवलं, तेव्हा बाटलीभोवती एक चिठ्ठी गुंडाळून वर रबर लावलं होतं. गोळ्यांना बोट लावायचं नाही, झाकणात चार घेऊन सरळ जिभेवर टाकायच्या. आधी आणि नंतर अर्धा तास कॉफी नको. आणि बाटली कापूर, अत्तर, धूप असल्या कुठल्याही उग्र वासाजवळ ठेवायची नाही, औषधाचा गुण जातो. या शेवटच्या वाक्याखाली बाईंनी दोन रेघा ओढल्या होत्या.

नाझिशने चिठ्ठी दोनदा वाचली. मग बाटली हातात घेऊन ती खोलीभर फिरली आणि शेवटी पलंगावर येऊन बसली. ठेवायची कुठे? दिवसाचे दहा तास ती बहरीनच्या झिंज भागातल्या, ऊद म्हणजे सुगंधी लाकूड आणि अत्तर विकणाऱ्या दुकानात उभी असायची. राहायची जिदहफ्सला गनीमामूंकडे, आणि गनीमामू त्याच दुकानाचे मॅनेजर. दुकानात चुरा होऊन उरलेला बखूर, म्हणजे निखाऱ्यावर जाळायचे ते सुगंधी तुकडे, मामू घरी आणत आणि मसूदामामी रोज संध्याकाळी त्याचा धूर खोल्याखोल्यांतून फिरवत. उशीला वास, ओढणीला वास, फ्रिजमधल्या पाण्यालासुद्धा वास.

औषध कांद्याचं होतं. आलियम सेपा. कांदा चिरताना डोळ्यानाकातून जसं पाणी गळतं तशाच सर्दीवर कांद्यापासूनच केलेली गोळी द्यायची, असं इरमबाईंचं शास्त्र सांगत होतं. नाझिशच्या आईचा त्यावर पक्का विश्वास, आणि लहानपणापासून नाझिशचाही.

तिला बहरीनला येऊन आठ महिने झाले होते. तलाक झाल्यावर ती हर्णैला भावाच्या घरी परतली होती, आणि वहिनीने पहिल्या आठवड्यातच तिचं कपाट हॉलमध्ये हलवलं होतं. तेव्हा मामूंनी मालकिणीकडे शब्द टाकला. "माझी भाची हाय. नाक असं तेज की झाकण उघडायच्या आधी सांगेल आत काय हाय ते." ते खोटं नव्हतं. मालकिणीने, जिला सगळे मदाम म्हणत, पहिल्याच दिवशी तिच्यापुढे सात कुप्या ठेवल्या आणि नाझिशने सातही ओळखल्या. दोन वर्षांचा करार झाला. व्हिसा दुकानाचा, रेसिडंट कार्डावर नाव दुकानाचं.

जूनमध्ये मदामने तिला दाराशी उभं केलं. हातात मबखरा, म्हणजे निखाऱ्याचं धूपपात्र, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तो हळूच धरायचा. धूर बाहेर जायला वाट नव्हती. बाहेर पंचेचाळीस डिग्री, त्यामुळे काचेचं दार सतत बंद. पंधरा दिवसांत शिंका सुरू झाल्या. मग नाक वाहू लागलं, डोळे लाल झाले. ऑक्टोबरमध्ये गावाकडून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर गोळ्या आल्या.

जागा शेवटी तिने शोधली. दुकानाच्या मागे माल उतरवायचं दार होतं. त्यापलीकडे अरुंद बोळ, एसीचे घरघरणारे पंखे, कचऱ्याचे दोन मोठे डबे आणि भिंतीत विजेच्या मीटरची लोखंडी पेटी. पेटीला कुलूप नव्हतं. तिने इरमबाईंना व्हॉइस मेसेज पाठवला, "कचऱ्याचा वास चालेल का?"

"अत्तर नको म्हटलं होतं," बाईंचं उत्तर आलं. "कचऱ्याचं मी काही लिहिलेलं नाही."

तेव्हापासून दिवसातून तीनदा नाझिश त्या बोळात जाऊन उभी राहायची. चार गोळ्या जिभेवर विरेपर्यंत डोळे मिटून. पहिल्या आठवड्यात तिला खरंच बरं वाटलं. नाक थोडं मोकळं झालं, आणि तिने आईला फोनवर सांगून टाकलं की औषध लागू पडलं.

खालच्या मजल्यावर संघप्रिया राहायची. मूळची महाडची, एका क्लिनिकच्या लॅबमध्ये टेक्निशियन. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी दोघी जिन्यात भेटल्या. नाझिश दुसऱ्या पायरीवर भिंतीला हात लावून थांबली होती.

"छातीत शिट्टी वाजतेय तुझ्या," संघप्रिया म्हणाली.

"सर्दी हाय, ताई. गोळ्या चालू हायत."

"कसल्या?"

नाझिशने सांगितलं. संघप्रिया हसली नाही. "माझे वडील, रामजी, यांच्याकडे होती असल्या गोळ्यांची पेटी. रविवारी विहाराबाहेर बसून अख्ख्या वस्तीला फुकट गोळ्या द्यायचे. मी त्याच खाऊन वाढले." मग तिने विचारलं, "किती वेळा घेतेस?"

"तीनदा. मागच्या बोळात जाऊन."

"म्हणजे तीनदा दहा-दहा मिनिटं धुराबाहेर असतेस. तेवढ्यानेच बरं वाटत असेल तर?" नाझिशने भिंतीवरचा हात काढला. "गोळ्या घे, मी नको म्हणत नाही. पण ही शिट्टी नाकाची नाही. क्लिनिकला ये, नळीत फुंकर मारायची टेस्ट असते."

"ती कंपनीच्या इन्शुरन्समध्ये दिसेल ना?"

"दिसेल."

"मग नको, ताई."

संघप्रियाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. कारण विचारलं नाही. इथं राहणाऱ्याला ते विचारावं लागत नाही. मदामला कळलं तर पहिला प्रश्न मामूंना येणार होता, की नाक म्हणून आणलेली मुलगी आजारी कशी. आणि तिकीट हातात पडलं तर हर्णैच्या हॉलमधलं ते कपाट. नाझिशने दोन्ही टोकांनी विचार करून पाहिला होता. दोन्हीकडून ती त्या काचेच्या दाराशीच येऊन थांबत होती.

डिसेंबरात लग्नसराई सुरू झाली आणि मदाम खुशीत आली. झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये मोठ्या घराण्याचं लग्न होतं. हॉलमध्ये कोणता ऊद जाळायचा हे ठरवायला नवरीकडच्या बायका दुपारी जमणार होत्या. "यू आर माय नोज," मदाम नाझिशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. मामूंचा चेहरा अभिमानाने फुलला. मामीने त्या दिवशी जेवणात तिच्या आवडीची सांदणं केली. नाही म्हणायला कुणी जागाच ठेवली नाही.

हॉलला एकही खिडकी नव्हती. मखमली पडदे, जाड गालिचे, पाच मबखरे एकदम पेटलेले. अर्ध्या तासात धूर इतका दाटला की झुंबराचे दिवे पिवळे दिसू लागले. नाझिश छोटे छोटे श्वास घेत उभी होती. बोलायचं झालं तर आधी थांबून हवा गोळा करावी लागत होती.

मदामने दोन डबे पुढे केले. "वन इज कंबोडियन, वन इज आसाम. टेल देम विच इज विच. आइज क्लोज्ड." ती सांगून नाझिशकडे कौतुकाने बघू लागली. वीसेक बायका गप्प झाल्या.

नाझिशने डोळे मिटले आणि एक तुकडा नाकाशी धरला.

काहीच नव्हतं.

तिने दुसरा धरला. तेही लाकूड, नुसतं लाकूड. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हॉलमध्ये शिरल्यापासून धूर तिला दिसत होता, डोळ्यांना चावत होता, पण वास असा आलाच नव्हता. कदाचित आदल्या दिवशीही नव्हता. कदाचित आठवडाभर ती सवयीने कुप्या ओळखत होती, लेबलं वाचून, झाकणांचे रंग पाहून. तिने डोळे उघडले. समोर मदामच्या पाठीमागे मामू उभे होते, आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा, पोटाशी, हळूच तिच्या डावीकडे वळला.

"डावीकडचा कंबोडियाचा," नाझिश म्हणाली.

मदामने टाळी वाजवली. बायका हसल्या, कुणीतरी तिचा हात हातात घेतला. नाझिश "एक मिनिट" म्हणून बाहेर पडली ती सरळ किनाऱ्यावर. समुद्र वीस पावलांवर होता, ओहोटी लागली होती, ओलं शेवाळ उघडं पडलं होतं. हर्णैच्या पोरीला हा वास झोपेतही कळला असता. ती वाळूत गुडघ्यांवर बसली आणि श्वास आत ओढायचा प्रयत्न करू लागली. हवा आत जात होती, पण बाहेर यायला तयार नव्हती. पंधरा मिनिटं लागली. कुणाला हाक मारायलाही आवाज उरला नव्हता.

परतताना मामूच गाडी चालवत होते. मदाम रिसॉर्टवरच राहिली होती.

"मामू, तुम्हाला कसं कळलं मला वास येत नाय ते?"

"तुझा चेहरा बघून."

"आणि डबा? तुम्ही एवढ्या लांबून कसा ओळखला?"

मामूंनी सिग्नलला गाडी थांबवली. "वासाने नाय ओळखला. रोज सकाळी माल काढताना मी डब्यांवर पेन्सिलीने टिंब करतो. कंबोडियाला एक, आसामला दोन." सिग्नल हिरवा झाला तरी ते क्षणभर तसेच होते. मागून हॉर्न वाजला. "अकरा वर्षं झाली, नाझिश. मला काय बी येत नाय. मामीने माशांचं कालवण जाळलं तरी नाय."

नाझिशने त्यांच्याकडे वळून पाहिलं. एकोणसाठ वर्षांचा माणूस, पांढरी स्वच्छ बाही, मनगटावर सवयीने लावलेलं अत्तर.

"मदामला माहीत हाय?"

"खुळी काय गो तू? तिच्या बापाने मला ठेवला तो नाकासाठीच."

"मामीला?"

"तिला वाटतं मला सर्दी हाय," मामू म्हणाले. "तू घाबरू नको. मी शिकवीन तुला. गिऱ्हाईक हुंगतो ना, तेव्हा त्याच्या भुवया बघायच्या. तेलाची कुपी कलती करायची, थेंब किती सावकाश उतरतो ते बघायचं. दोन महिन्यांत जमेल. कुणाला कळायचं नाय."

त्यांना तिला धीर द्यायचा होता. पण नाझिशला गाडीची काच खाली करावीशी वाटली. पुढची अकरा वर्षं तिला त्या बाहीत, त्या मनगटात अगदी स्पष्ट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ती संघप्रियाच्या दाराशी गेली. "ती फुंकर मारायची टेस्ट," ती म्हणाली, "आज होईल?"

झाली. डॉक्टरांनी कागद पाहिला, नाकात दिवा धरून पाहिलं. नाकात मांसाचे कोंब वाढलेत, म्हणाले, वास त्यामुळे गेला. औषधाने कदाचित येईल, कदाचित ऑपरेशन. आणि छातीत दमा. पंप लिहून दिला, तो कसा ओढायचा ते संघप्रियाने तीनदा करून दाखवलं. "गोळ्यांच्या भरवशावर हा थांबवायचा नाही," ती म्हणाली. "एवढं कबूल कर." नाझिशने मान हलवली. डॉक्टरांनी एक पत्रही दिलं: धुराचं काम बंद.

पत्र घेऊन ती मदामकडे गेली. वासाबद्दल बोलली नाही. ते बोलली असती तर पुढचा प्रश्न मामूंपर्यंत गेला असता. फक्त छातीचं सांगितलं. मदामने पत्र शेवटपर्यंत वाचलं, तिच्यासाठी आल्याचा चहा मागवला, तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली की दुकानात धुराशिवाय काम असं नाहीच. ऑफिसात जागा नाही. घरी जायचं असेल तर तिकीट ती आनंदाने देईल. राहायचं असेल तर सीझन संपेपर्यंत जरा सांभाळून घ्यावं, इंशाल्ला उन्हाळ्यात काहीतरी बघू. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर नाझिशला भांडता तरी आलं असतं.

तिने आईला फोन लावला. आईने वहिनी ऐकेल म्हणून आवाज खाली करून विचारलं, "गोळ्या संपल्या का? अजून पाठवू?"

"पाठव," नाझिश म्हणाली.

करार संपायला अजून चौदा महिने होते. ती राहिली. सकाळ-संध्याकाळ पंप ओढू लागली आणि रात्री जिना न थांबता चढू लागली. वास आला नाही. पत्र तिने बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

नंतरच्या शनिवारी ती दुकानात पोचली तेव्हा मामू तिच्या आधी आलेले होते. कोट काढून खुर्चीवर टाकलेला, निखारा पेटवलेला, आणि मबखरा हातात घेऊन ते दाराशी तिच्या जागेवर उभे होते.

"मामू, द्या इकडे."

"काउंटरला जा तू."

"तुमच्या छातीचं काय?"

"माझं आता काय बिघडायचं हाय?" मामू म्हणाले.

अकरा वाजता मदाम आली. मॅनेजर दाराशी धूप धरून उभा पाहून तिने भुवया उंचावल्या. "व्हॉट इज धिस, गनी?"

"बसून बसून पाय आखडतात, मदाम," मामू म्हणाले, आणि मागून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी पात्र पुढे केलं. काचेचं दार आपोआप बंद झालं. काउंटरमागे नाझिशने कंबोडियाचा डबा उचलला, एक टिंब पाहिलं आणि समोरच्या बाईच्या भुवयांकडे बघत झाकण उघडलं.