यशोदाबाईचा काटा

गाडीची डिपस्टिक बाहेर काढली, तर ऑइलऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी वर आलं. सासऱ्यांनी ते दोन बोटांत चोळलं आणि निकाल दिला, "तेलात पानी गेलंय. हेड गॅस्केट उडाली."

माझे सासरे गोटीराम, आमचे बाबा, दिवाळे गावच्या बंदरावर चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त करत आलेत. गाडी म्हणजे आमची पंधरा वर्षांची अवाढव्य एसयूव्ही. पहाटे तिच्यातून मासळी आणायची आणि दिवसभर मी ती बेलापूरच्या बाजारात विकायची, असा आमचा संसार. गॅरेजवाल्यानं आठ दिवस सांगितले. गॅरेजवाल्यांचे आठ दिवस कसे लांबतात ते मला कुणी शिकवायला नको. त्यात पुढच्या रविवारी आम्ही सगळे याच गाडीनं घाट चढून एकवीरेला जाणार होतो.

"मशीन ती मशीनच," बाबा म्हणाले. "होडीची काय नि गाडीची काय. मी करतो."

शनिवारी बाबा आणि माझा नवरा केतन यांनी इंजिन उघडलं. खास हत्यारं काहीच नव्हती. घरचे पाने, एक लोखंडी पाइप आणि होडीचा दोर. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, त्याच दोरानं शेडच्या वाशाला टांगून उचललं. काढलेला प्रत्येक बोल्ट बाबांनी माशांच्या थर्माकोलच्या खोक्याच्या झाकणात ओळीनं खोचून ठेवला, म्हणजे ज्या भोकातला त्याच भोकात परत जाईल. हेड कुठे वाकलंय का, ते बघायला काच लागली, तर माझ्या शोकेसची काच काढली आणि तिच्यावर पॉलिश पेपर पसरून हेड घासून बघितलं. मला विचारलंसुद्धा नाही. हेड सरळ होतं म्हणून मी गप्प बसले.

रविवारी केतन तळोज्याला कंपनीत ड्युटीवर गेला. हेडखालची नवी गॅस्केट बसली, हेड वर ठेवलं, आता फक्त बोल्ट आवळायचे राहिले होते. खरी गोम तिथेच असते. बोल्ट ढिला राहिला तर गॅस्केट पुन्हा उडते, जास्त आवळला तर बोल्टच तुटतो. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना मिळतो, किती जोर लागला ते दाखवणारा. तो आमच्याकडे कुठला असायला?

बाबांनी पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि बोल्टपासून बरोबर एक मीटरवर पाइपाला खूण केली. "पुस्तकात लिवलंय, मीटरवर नऊ किलो. पाइपाला काटा अडकवायचा नि काट्यानं वढायचं. नऊ किलो दाखवले की थांबायचं. बाय, जा, तुजा काटा आन."



काटा म्हणजे मासे तोलायचा, हातात टांगायचा, गोल डायलचा काटा. माझ्या सासूबाईंचा, यशोदाबाईंचा. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि बाजारातली त्यांची जागा आणि काटा माझ्याकडे आला. मासे अडकवायच्या आकड्याला त्यांनी बांधलेला लाल दोरा अजून तसाच आहे. 'यशोदाबाईच्या काट्यावर डोळे मिटून घ्या,' असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगतात. गेल्या गणपतीच्या आधी मी त्याची स्प्रिंग बदलून घेतली. बदलणाऱ्यानं माझ्याकडे न बघताच विचारलं होतं, "किलोला किती?" आणि मी म्हटलं होतं, "दीडशे."

म्हणजे माझा काटा साडेआठशे ग्रॅमला किलो दाखवतो. बर्फ महागला, सगळेच करतात, मोठ्या सोसायट्यांतल्या लोकांना काय फरक पडतो, अशी हजार कारणं मी स्वतःला दिली होती. त्या क्षणी त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"गंजलाय तो," मी म्हटलं.

"काल तर धंदा केलास ना त्याच्यावर?"

मी काटा आणून दिला. बाबांना चष्म्याशिवाय जवळचं नीट दिसत नाही, म्हणून आकडा वाचायचं काम माझ्याकडे आलं. मधल्या बोल्टपासून सुरुवात. पहिली फेरी तीन किलोवर, दुसरी सहावर. बाबा काटा ओढत होते आणि मी डायलवर दिसेल ते वाचत होते. सांगू, आत्ता सांगू, असं करत सहा किलोची फेरीही संपली. मग नऊ.

"नऊ," मी म्हटलं.

बाबा थांबले. त्यांनी पाइपावर हात ठेवून अंदाज घेतला. "नाय. नऊ नाय हे. ढिला लागतोय."

"मी चुकीचं वाचलं असेल, बाबा."

त्यांनी चष्मा चढवला, पुन्हा ओढलं आणि स्वतः डायलवर वाकून बघितलं. सुई नऊवर होती. त्यांनी पुढचा बोल्ट घेतला. पुन्हा तेच. मग ते काटा हातात घेऊन माशांच्या खोक्यावर बसले आणि स्वतःच्या पंजांकडे बघत राहिले.

"काटा यशोदाचा हाय," ते म्हणाले. "तो खोटा नाय बोलायचा. म्हंजे माजेच हात गेले."

"असं काय बोलता, बाबा?"

"खरा तेच बोलतंय. मना नऊ किलो कलत नाय, तर मी मशीन काय दुरुस्त करनार? उद्या कोनाची होडी मधेच बंद पडली तर? बंदरावर सांगून टाक, गोटीरामला आता बोलवू नका."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की मला रडू फुटलं. कुणी अर्ध्या रात्री हाक मारली तरी पान्यांची पेटी उचलून निघणारा हा माणूस. मी गप्प राहिले असते तर चोरी झाकली गेली असती. पण घाटात गॅस्केट पुन्हा उडाली असती, आणि त्या आधीच, इथे, माझ्यासमोर, या माणसाचे हात निकामी झाले असते.

"तुमचे हात ठीक आहेत, बाबा," मी म्हटलं. "काटा खोटा आहे. मी स्प्रिंग बदलून घेतली."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"कवापासून?"

"गणपतीच्या आधीपासून."

"किती?"

"किलोला दीडशे."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आकड्याचा लाल दोरा अंगठ्यानं हळूच चाचपला आणि एवढंच म्हणाले, "तिच्या नावावर?"



मग ते उठले. घरात गेल्या महिन्यातल्या भाचीच्या हळदीच्या कार्यक्रमातल्या पाण्याच्या बाटल्या उरल्या होत्या, लिटरच्या, सीलबंद. त्यातल्या नऊ मोजून त्यांनी जाळ्याच्या एका तुकड्यात बांधल्या आणि काट्याला टांगल्या. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कुणाला लबाडी करता येत नाही. सुई साडेदहाच्या थोडी पुढे जाऊन थांबली. बाबांनी माझ्याकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि डायलच्या काचेवर तिथे लाल ठिपका दिला.

"आता ठिपका आला की बोल."

ठिपक्यापर्यंत एकेक बोल्ट आवळला. प्रत्येक वेळी मी "आला" म्हणायच्या आत त्यांचा हात थांबत होता. दुपारी नवं ऑइल आणि पाणी भरून गाडी सुरू केली. तासभर चालू ठेवली तरी रेडिएटरमध्ये एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे गॅस्केट घट्ट बसली होती. बाबांनी हात धुतले, काटा स्वतःच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

"हा आता मशिनीचा काटा. धंद्याला दुसरा घे." त्या दिवशी माझ्याशी ते एवढंच बोलले. रात्री केतनलाही त्यांनी काही सांगितलं नाही. ते मलाच सांगावं लागलं.

सोमवारी संध्याकाळी मी दुकानातून नवा काटा आणला आणि मंगळवारी तो घेऊन बाजारात बसले. वाटलं, आता आजपासून बरोबर तोलायचं, झालं गेलं संपलं. दहाच्या सुमाराला गीतांजली मॅडम आल्या. निवृत्त शिक्षिका, सासूबाईंच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. एक किलो सुरमई मागितली. मी एक किलो तोलली, तुकडे करून पिशवी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पिशवी हातात वरखाली केली. "रंजिता, जास्त झालं गं. एवढं नसतं किलोत."

"नाही मॅडम, बरोबर आहे."

"मला काय कळत नाही? दर आठवड्याला नेते मी." त्यांनी पिशवीत हात घालून एक जाडसर तुकडा काढला आणि माझ्या पाटीत परत ठेवला. "तुझं नुकसान नको बाई. यशोदाबाईंची सून तू, तू काट्यात कमी देणार नाहीस, पण जास्तही देऊ नकोस."

तुकडा पाटीत पडला होता. शेजारच्या दोघीजणी ऐकत होत्या, मागे आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी तो उचलून त्यांच्या पिशवीत परत टाकला.

"मॅडम," मी म्हटलं, "किलो एवढाच असतो. गणपतीच्या आधीपासून तुम्हाला मी कमी देत होते."